ठोक्यावरचं बोलणं

सकाळधरनं मागं लायनीवर खडी ठासायचं काम चाललंय. आमची दौंडातली खोली रुळाला येवढी चिकटून हाय की गाडी गेली की मांडणीवरची भांडी आपसूक जागा बदलत्यात, त्याचं आता काय वाटत न्हाई, पर ह्यो आवाज न्यारा. ग्यांगची माणसं रांगंनं हुबी ऱ्हात्यात आन् स्लीपराखाली खडी ठासत्यात, ठक् ठक् ठण्ण, ठक् ठक् ठण्ण, आन् माझा हात पिठात असला तर पिठातच त्या ठोक्यावर पडाय लागतो. मंग भाकर गोल येत न्हाई. मालक जेवाय बसल्यालं, म्हणालं, "काय गं, भाकर थापतीस का कुणाचं थोबाड फोडतीस?"

"खडी फोडतीया," म्या म्हटलं.

त्यांनी वर बगितलं आन् हसलं. त्यांना म्हाईत हाय.

त्यो उन्हाळा मला कवाबी असाच येऊन गाठतो, कानातनं. आधी वास न्हाई, चव न्हाई, आधी ठोका. मंग त्याच्या मागनं बाकीचं समदं येतं, निमोण्याचा माळ तव्यावानी तापल्याला, पांढरी धूळ, बाभळीची इरळ सावली, झोळ्यांमधली पोरं, आन् बायांचं हसणं. व्हय, हसणं. दुष्काळ म्हटलं की लोक तोंड बारीक करत्यात. शेजारणीला म्या एकदा म्हटलं, दुष्काळात लई मजा आली बघा, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून बगितला.

बहात्तरला पाऊस दडला आन् त्याच्या म्होरल्या उन्हाळ्यात गावाभाईरच्या माळावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं. गडी मातीवर आन् सुरुंगावर, बाया खडीवर. मी केंदूरची लेक, निमोण्याची सून, माझी लेक सुजाता नुकती पालथी पडाय लागल्याली. मालक तवा दौंडाच्या मालधक्क्यावर हमालीला, आन् घरात मी आन् आत्याबाई, म्हंजी माझी सासू, सोजरबाई. पहाटं भाकरी बांधायच्या, लेकीला पोटाशी बांधायचं, आन् माळाची वाट धरायची. सायकलीच्या जुन्या टायरचं कडं करायचं, त्यात दगड धरायचा म्हंजी कपची डोळ्यात उडत न्हाई, आन् वरनं हातोडी.

ढीग मोजला की मुकादम त्यावर चुन्याचं पाणी मारायचा, म्हंजी त्योच ढीग परत कुणी मोजून घ्यायला नगं. बायांनी त्याचंबी काढलंच. नुसता चुना काय मारायचा, म्हणून कुणी बादलीत बोटं बुडवून ढिगावर पोपट काढला, कुणी फणी, कुणी सूर्य. लांबनं बगितलं की कळायचं, पोपटवाली आज म्होरं हाय. मी चौथीपतुर शिकल्याली, म्या माझ्या ढिगावर सुजाताचा सु काढला. आत्याबाईंनी इचारलं, ह्यो कसला किडा. म्या म्हटलं, तुमची नात हाय ती. तवापासनं त्या रोज कामाला बसायच्या आधी त्या ढिगाला म्हणायच्या, "उठलीस का गं?"

मला तवा समद्याचं भ्या वाटायचं. आताबी वाटतं, पर तवा लई. सुरुंगाची शिट्टी झाली की मी लेकीवर पालथी पडायची, सुरुंग लांब टेकाडापल्याड असला तरीबी. मुकादमाच्या छत्रीचं भ्या, मोजणीच्या जीपचं भ्या, बोलाय गेलं आन् चुकलं तर, ह्याचं तर समद्यात जास्ती. केंदुरात शाळंत बाईंनी काय इचारलं की मला यायचं, पर तोंड उघडायच्या आत दुसरं कुणीतरी सांगून मोकळं व्हायचं. मी आपली पाटी पुशीत बसायची.

आन् उन्हाचं भ्या. माळावर पाण्याची बैलगाडी यायची, पिपातलं पाणी दोन रांजणात वतायची. पीप त्येच, पाणी त्येच, रांजण दोन. एक गावातल्या बायांचा, बाभळीखाली, वल्लं गोणपाट गुंडाळल्याला. एक आमचा, गावकुसाभाईरच्या वाड्यातल्या बुद्धांच्या बायांचा, अलीकडं उघड्यावर. कुणी तसं लिवलं न्हवतं, कुणी बोललं न्हवतं, पयल्या दिशी ठिवलं तसं ठिवलं. आमच्या रांजणातलं पाणी दुपारपतुर एवढं तापायचं की त्यात डाळ शिजली असती. एका दुपारी सुजाताचं अंग उन्हानं भाजाय लागलं, डोळं अर्धं मिटल्यालं, रडायचीबी थांबली. म्या फडकं भिजवलं तर ऊन ऊन. गार पाणी धा पावलांवर व्हतं. मी लेकीला घेऊन त्या बाभळीपशी गेले आन् हुबी ऱ्हायले. रांजणापशी शेवंता बसल्याली, हौसाबाईची सून, माझ्याच वयाची, तिच्या मांडीवरबी पोरगं. तिनं माझ्याकडं बगितलं, लेकीकडं बगितलं, तिचा हात पाणी काढायच्या वगराळ्याकडं गेला, मंग तिनं सासूकडं बगितलं आन् हात मागं घेतला. म्याबी मागितलं न्हाई. माघारी आले, फडकं हवंत हलवून हलवून गार केलं. संध्याकाळी लेक दूध प्याली तवा माझा जीव खाली पडला. पर तवापासनं माझ्या डोक्यात येकच, ह्यो उन्हाळा लेकीला त्या ऊन पाण्यावर निघायचा न्हाई.

हौसाबाई कोण, तर गावातल्या मोठ्या बागाइतदाराची बायको. विहिरीनं तळ दावला तशी तीबी कामावर आली. पयल्या दिशी पदर नाकापतुर वढून, आमच्याकडं पाठ करून बसली. तिच्या हाताला ताकाच्या रवीची सवय, हातोडी तिला लागायची. येक फळी त्यांची, येक आमची, मधी मोकळी जागा, तिथनं कुत्रंसुदिक जात न्हवतं.

मंग ठोका आला.

कुणी चालू केला ते सांगता येत न्हाई, पर मला वाटतं आत्याबाईंनीच. आधी ज्याची त्याची हातोडी, कुणाची लवकर कुणाची उशिरा, नुसता कालवा. उन्हं डोक्यावर आली की हात मरायचं. मंग आत्याबाई दोन हलकं आन् येक जड आसं मारू लागल्या, ठक् ठक् ठण्ण, हलक्यात दगडाची नस हुडकायची आन् जडात फोडायचा. आमच्या फळीनं धरलं. जरा येळानं पलीकडच्या फळीनंबी धरलं. धरायचं म्हणून न्हाई, पाठ करूनच बसल्या व्हत्या, पर येवढ्या हातोड्या एका तालात पडाय लागल्यावर आपला हात दुसऱ्या तालात ठिवून बघा, ऱ्हात न्हाई. हाताला जात कळत न्हाई, ठोका कळतो.

आन् त्या ठोक्यावर एक दिस आत्याबाई बोलल्या. मुकादम आप्पा छत्री घेऊन चालल्यालं, त्यांच्याकडं बघून.

"मुकादम आप्पा आलं, छत्री घेऊन काळी,
ऊन पडलं आमच्यावर, सावली त्यांच्या भाळी."

ते गाणं न्हवतं. जात्यावरची ओवी येगळी, तिला गळा लागतो, तिला पहाट लागती. ह्यात गळा लावायचाच न्हाई. नुसतं बोलायचं, शेजारणीशी बोलावं तसं, पर ठोक्यावर, आन् शेवट जुळवायचा. आमची फळी हसली ते ठीक, पर पलीकडच्या पाठीबी हलल्या. आप्पांनी छत्री मिटली, परत उघडली, काय करावं त्यांना कळंना.

दुसऱ्या दिशी पलीकडनं आवाज आला. हौसाबाई, पाठ तशीच, पदर तसाच, पर आवाज काय खणखणीत.

"वाड्यातल्या बायांचा बोलायचा थाट,
ढिगाकडं बघावं तर मुंगीची वाट."

आत्याबाईंचं डोळं असं चमकलं की मला वाटलं कपची गेली. त्यांनी वाट उचलली.

"वाट बघून आप्पांचं डोळं गेलं थकून,
तुमचं दगड निजल्यात पदराखाली झाकून."

त्या दिशी हौसाबाईनं पदर मागं सारला आन् ती आमच्याकडं तोंड करून बसली. भांडायला तोंड लागतंच की.

मंग नेम पडलं, आपोआप. हातोडी थांबली की हरली. समोरचीनं ज्या शबुदावर सोडलं त्योच उचलायचा. मेल्याल्याचं काढायचं न्हाई, कुणाच्या कुशीचं काढायचं न्हाई, आन् जातीचं काढायचं न्हाई. शेवटचं तर कुणी तोंडानं बोललंबी न्हाई, तरी पाळलं. आन् येक लई गमतीचं झालं. आमी त्यांना मालकीणबाई म्हणायचो, पिढ्यान्‌पिढ्या. ठोक्यात ते बसंना. मालकीणबाई म्हणूस्तवर हातोडी खाली यायची आन् म्होरचा शबुद मागं पडायचा. आत्याबाईंनी येकदोनदा वढून बगितलं, मंग एका दुपारी सरळ म्हणाल्या, "हौसा गं हौसा." मी डोळंच मिटलं. आमची फळी गार झाली. हौसाबाईची हातोडी काय थांबली न्हाई. ती म्हणाली, "हौसा म्हण, न्हाईतर फौसा म्हण, सोजरे, पर जुळव नीट."

त्या उन्हाळ्यात बोलणं कसं पसरलं म्हणून सांगू. सूर्यालासुदिक सोडलं न्हाई बायांनी.

"सूर्याला म्हणावं बाबा, खाली येऊन बस,
येक ढीग फोडून दाव, मग आमाला हस."

पोरं पत्र्याचं डबं वाजवीत गावात तेच म्हणायची. एकीचा नवरा दारू पिऊन हात उचलायचा, त्याच्यावर जुळवलं, नाव न घेता, पर गावाला समजलं, आन् त्यो लई दिस पारावर बसायला गेला न्हाई, पोरं डबा वाजवत्यात म्हणून. आप्पा माप दाबून घ्यायचं, तेबी सुधारलं, कारण दाबलं की दुसऱ्या दिशी त्यांची मिशी ठोक्यावर यायची. आत्याबाई शिरूरच्या बाजाराला गेल्या तर तिथं कासारीण बांगड्या भरता भरता त्यांचाच मुकादम-छत्रीचा जोड म्हणत व्हती. आत्याबाई म्हणाल्या, बाई ह्ये माझं हाय. कासारीण म्हणाली, जा गं, ह्ये शिरूरचंच हाय, माझ्या नणंदंचं. आत्याबाई इतक्या खूश व्हऊन आल्या, जसं काय कुणी लुगडं घेतलं.

आता दौंडात आमच्या वस्तीत जयंतीला पोरं स्पीकर लावत्यात. कवाकवा रेकॉर्ड थांबवत्यात आन् माईक घेऊन आपलंच काय काय बोलाय लागत्यात, येकमेकाला टोमणं, नळाला पाणी न्हाई ते, आन् दुसरा ढोलकीवर नुसता ठोका देतो. शाळामास्तर कानावर हात ठिवत्यात, म्हणत्यात, ह्ये काय, ना सूर ना राग. म्या मनात म्हणते, गुर्जी, ज्याच्या घरी पेटी-तबला न्हाई त्यानं काय मुकं ऱ्हायाचं का. त्याच्याजवळ दगड असतो, डबा असतो, तोंड असतं. तेवढ्यात बी जग हलतं, म्या बगितलंय.

मीबी बोलले की. लई दिसांनी, पर बोलले. शेवंता एक दिस माझ्याकडं बघून म्हणाली, सुजाता झोळीत पाय आपटीत व्हती तवा,

"केंदूरची पोर बाई, तोंडात न्हाई बोल,
झोळीमधली लेक तिची वाजीवती ढोल."

समद्या माझ्याकडं बगाय लागल्या. आत्याबाई माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, "हातोडी थांबवू नगं, ती बोलंल." आन् खरंच, हात पडत गेला आन् तोंड उघडलं.

"ढोल वाजतो लेकीचा, तुझा ल्योक नाचतो,
मुक्या आईचा बोल बाई लेकीच्या पोटी साचतो."

पलीकडनं वाहवा आली. शेवंताची हातोडी चुकली. ती माझ्याकडं बघून हसली, आन् त्या हसण्यात मला ती वगराळ्यावरची दुपार दिसली, तिलाबी दिसली असणार, तिनं मान खाली घातली. पर त्या दिशीबी रांजण दोनच व्हतं. ठोका मधल्या मोकळ्या जागंतनं आरपार जात व्हता, पाणी जात न्हवतं.

मंग त्यो दिस. मोजणीची जीप आली न्हाई म्हणून आप्पा बाभळीला टेकून पेंगत व्हतं, आन् हौसाबाईनं पदर खोचला.

"सोजरे, रोज रोज सुटं बोलून काय व्हतंय. आज पैज लाव."

"लाव की. माझ्याकडं हरायला हाय काय?"

"हरंल त्या फळीनं जिंकलेल्या फळीला बसल्या जागी पाणी पाजायचं."

तिच्या तोंडातनं ते सवयीनं गेलं. त्यांच्यात लग्नात रुखवताला दोन्हीकडच्या बाया अशाच जुळवून भांडत्यात, आन् तिथं हीच पैज असती, जन्मभर तिनं तेवढीच पैज ऐकल्याली. तिथं दोन्हीकडच्या बाया त्यांच्यातल्याच असत्यात, इथं कोण हाय ते तिच्या ध्यानातच आलं न्हाई. उन्हात रांजणापतुर उठून जायचा तर समद्यांनाच कंटाळा, तवा दोन्ही फळ्यांनी व्हय व्हय केलं. आत्याबाईंनी मातुर हौसाबाईकडं निरखून बगितलं.

"बघ हां हौसा. मागनं फिरायचं न्हाई."

"फिरंल ती हौसा न्हाई."

मी आत्याबाईंच्या कानाला लागले. "अवो आत्याबाई, पाणी म्हणाल्या त्या."

"मला कान हाईत."

"आपुन जिंकलो तर त्या आपल्याला पाजत्यात व्हय? आन् हरलो तर आपल्या हातचं..."

"तू हातोडी मार."

आधी दोघी म्हाताऱ्या. काय बोलल्या त्या दिशी, निम्मं मला आता आठवतबी न्हाई, नुसतं अंगावर काटा आल्याला आठवतो. हौसाबाईनं दगड चोरायचं काढलं,

"झाकून ठिवलं दगड आमी, नजर लागंल म्हणून,
न्हाई आणलं तुमच्यावानी शेजारणीचं उचलून."

आत्याबाईंनी तसंच परतवलं,

"उचलून बघ घण बाई, मनगट वाजतंय करकर,
लोण्यावरचं हात तुझं दगडावर थरथर."

आन् हौसाबाईला हे इतकं पटलं की ती आपल्या हाताकडं बघून फसकन हसली, तिचं बघून आत्याबाईंना हसू फुटलं, आन् दोघींच्या हातोड्या येकदमच थांबल्या. आप्पा जागं झालं, म्हणालं बरोबरी. मंग सुनांवर आलं.

समोर शेवंता. म्या चालू केलं,

"शेवंता गं शेवंता, हात तुझा ढिला,
येक दगड फोडायला सूर्य मावळून गेला."

तिनं लगीच, "गेला त्यो तर कंटाळून, तुझ्यामुळं घरी, म्हणतो हिची खडी बघून वाळू बाई बरी."

मी, "बरी म्हण का बुरी म्हण, ढीग माझा खरा, तुझ्या ढिगात आर्धा दगड, आर्धा मातीचा भरा."

फळी डोलत व्हती. मी भ्यालेच न्हाई, मला वाटलं आता मी बोलतच ऱ्हाणार, मालक दौंडावनं येतील तरी मी बोलत असंन. आन् शेवंता म्हणाली,

"भरा आता घागर बाई, केंदूरच्या राणी,
हरलीस तर पाजशील गं बसल्या जागी पाणी."

पाणी.

तो शबुद खाली पडला आन् समद्यांना येकदम कळलं. शेवंतालाबी कळलं, तिचं तोंड उघडंच ऱ्हायलं. हौसाबाईनं मान वर केली. कुणी हसंना. नुसत्या हातोड्या, ठक् ठक् ठण्ण, आन् मी पाणी उचलायचं व्हतं. माझ्याकडं व्हतं की पाण्यावर. किती व्हतं. ती लेकीची दुपार व्हती, केंदुरातला आमचा आड व्हता, शाळंत तहान लागल्यावर वरनं वतायची वाट बघत धरल्याली ओंजळ व्हती. समदं येकदम तोंडाशी आलं आन् आडलं. येक ठोका गेला, दुसरा गेला. माझी हातोडी कड्यात पडली ती वर आलीच न्हाई.

हरले मी.

पलीकडच्या फळीनं वराडायला पायजे व्हतं. कुणी वराडलं न्हाई. आमच्या बाया माझ्याकडं बघंनात, मला वाटलं धरतीनं पोटात घ्यावं. आन् आत्याबाई उठल्या, लुगडं झटकलं, आन् त्यांच्या तोंडावर असं हसू की जसं काय आमीच जिंकलो.

"हरलो गं बाई," त्या म्हणाल्या. "पैज म्हंजी पैज. ऊठ गं सूनबाई, तू हरलीस, तांब्या तू घे. आपल्या रांजणातला."

तवा मला उजेड पडला. आमी जिंकलो असतो तर त्यांनी तोंड फिरवलं असतं, म्हटलं असतं, घ्या तुमच्या हातानं. पर आता जिंकल्या त्या. आन् जिंकल्याचं पाणी प्यायलं न्हाई तर जिंकलं कसं?

मी तांब्या भरला. निम्मं पायावर सांडलं. ती मधली मोकळी जागा वलांडली. आयुष्यात पयल्यांदा. माझ्या मागं समद्यांचं डोळं आन् म्होरं हौसाबाई, मांडी घालून, हातोडी मांडीवर. म्या तांब्या उंच धरला, वरनं वताय, आमाला वतत्यात तसं. दुसरं मला म्हाईतच न्हवतं.

ती हलंना. तिची फळी तिच्याकडं बघाय लागली. येक जण हळूच म्हणाली, "जाऊ द्या काकू, गमतीतली पैज."

"गमतीतली कशी?" हौसाबाई म्हणाली. "घसा फोडून जिंकलीया." मंग माझ्याकडं वळली. "आन् ह्ये काय गं, वरनं काय वततीस? ओंजळीनं प्यायला मी काय हरलीया? तांब्या दे हिकडं."

तिनं माझ्या हातातनं तांब्या घेतला आन् तोंडाला लावला. घटाघटा. पाणी हनवटीवनं गळ्यावर आलं. माळावर येकबी हातोडी वाजत न्हवती. तिनं तांब्या खाली घेतला, तोंड पुसलं, कपाळाला आठी.

"ऊन हाय की गं ह्ये."

समद्यांना म्हाईत व्हतं. आन् माझं तोंड उघडलं, ठोका नसताना, जुळणी नसताना.

"आमचा रांजण उन्हात असतो न्हवं," म्या म्हटलं. "लेकीला दुपारी तेच पाजते मी."

हौसाबाईनं झोळीकडं बगितलं. मंग आप्पांवर वराडली, "आप्पा, झोपा काढताय व्हय? त्यो रांजण उचलून बाभळीखाली घ्या. जिंकून ऊन पाणी प्यायचं का आमी?"

आप्पांनी आन् दोन गड्यांनी रांजण उचलला. त्या उन्हाळ्यात त्यो परत उन्हात गेला न्हाई. गोणपाटबी आलं त्यावर. गावात तिची विहीर तिचीच ऱ्हायली आन् आमचा आड आमचा, त्ये काय मी इसरले न्हाई, आन् पाऊस आल्यावर हौसाबाई वाटंत भेटली की आमी परत मालकीणबाईच म्हणायचो, पायाला ठोका नसतो ना चालताना. पर माळावर सुजाता दुपारची गार फडक्यात झोपायची, मूठ तोंडात घालून, आन् मी तिच्याकडं बघत हातोडी मारायची.

तर त्या दिशी हौसाबाईनं तांब्या माझ्या हातात दिला आन् मला येकदम सुचलं. म्हंजी सुचल्यालं व्हतंच, आता सुटलं. हातात हातोडी न्हवती, म्या बोटानं तांब्यावरच ठोका दिला.

"पाणी पाजलं हरलेलीनं, जिंकलेलीनं प्यालं,
सांग बाई दोघींमधी कोण मोठं झालं?"

आमच्या फळीत आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. हौसाबाई माझ्याकडं बघत ऱ्हायली, आन् तिच्या ओठाचं येक टोक वर गेलं.

"ह्ये मगाशी कुठं गेलतं गं? जिंकली असतीस की."

"मगाशी भ्याले व्हते."

"आन् आता?"

मी काय सांगणार व्हते, पर शेवंतानं तिच्या ल्योकाला कडंवर घेऊन हात म्होरं केला, तांब्यासाठी, आन् तिच्या मागनं दुसरीनं, तिच्या मागनं तिसरीनं, "ए केंदूरकरणी, आमी काय फुकट जिंकलो व्हय, घसा वाळला," आन् तांब्या रिकामा व्हता, मी पळाले आमच्या रांजणाकडं.